कोच ओरडतो तेव्हा तो नक्की कशाबद्दल बोलत असतो?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं, किंवा लोकलच्या गर्दीत ज्यांचे इअरफोन कुणाच्या तरी बॅगेत अडकतात, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून देतेय. बोलण्याच्या ओघातले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' जरा कमी केलेत. बाकी सगळं जसंच्या तसं.

आजचा विषय आहे कोचचं बोलणं. ग्राउंडवर, नेट्समध्ये, स्विमिंग पूलच्या कडेला, तालमीत, बॅडमिंटन कोर्टवर रोज जे ऐकायला मिळतं ते. कुणाचे सर असतात, कुणाच्या मॅडम, कुस्तीवाल्यांचे वस्ताद. पण प्रश्न सगळ्यांचा एकच असतो: या बोलण्याचा आपल्यावर काय परिणाम होतो? आपण त्यामुळे चांगले खेळतो, की हळूहळू खेळच नकोसा होतो?

आपल्याकडे यावर दोन टोकाची मतं ऐकू येतात. पहिलं म्हणजे 'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही.' म्हणजे कोच ओरडणारच, सहन करा. दुसरं थोडं नवीन आहे: मुलांना अजिबात लागेल असं बोलू नका, नुसतं कौतुक करा. मला दोन्ही अर्धवट वाटतात. का, ते सांगते.

आचरेकर सरांनी कधीच 'वेल प्लेड' म्हटलं नाही

पहिल्या मताची माणसं हमखास एक उदाहरण देतात. रमाकांत आचरेकर आणि सचिन तेंडुलकर. १६ नोव्हेंबर २०१३ ला वानखेडेवर सचिनने निरोपाचं भाषण केलं, त्यात त्याने सांगितलं होतं की इतक्या वर्षांत सर मला एकदाही 'वेल प्लेड' म्हणाले नाहीत. मी हुरळून जाईन, मेहनत कमी करेन, असं त्यांना वाटायचं. हे ऐकून कितीतरी कोच आणि आईबाबांनी निष्कर्ष काढला: बघा, कौतुक न केल्यामुळे सचिन घडला.

पण त्याच भाषणात स्कूटर पण आहे. एका ग्राउंडवरून दुसऱ्या ग्राउंडवर, एका मॅचहून दुसऱ्या मॅचला सर त्याला स्वतःच्या स्कूटरवरून घेऊन जायचे, म्हणजे त्याला जास्तीत जास्त खेळायला मिळेल. आणि ते नाण्याचं तर सगळ्यांनाच माहितीये. प्रॅक्टिसच्या शेवटी सर स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. जो बोलर सचिनला आउट करेल त्याला ते मिळणार, आणि कुणीच करू शकलं नाही तर सचिनला. अशी तेरा नाणी त्याने जपून ठेवलीत.

आता जरा विचार करा. ते नाणं काय सांगत होतं? दमलास तरी विकेट टाकायची नाही. काम एकदम स्पष्ट, निकाल लगेच कळणार, आणि त्यात 'तू कसा मुलगा आहेस' यावर एक शब्द नाही. आणि स्कूटर काय सांगत होती? तुझ्यासाठी माझ्याकडे वेळ आहे. सर तोंडाने कौतुक करत नव्हते, पण त्या मुलाला आपली किंमत कळत होती. आपण यातलं फक्त 'कौतुक नाही' एवढंच उचललं. स्कूटर आणि नाणं विसरलो.

अजून एक. जो टिकला त्याची गोष्ट आपल्यापर्यंत पोचते. जी मुलं कोचच्या बोलण्याला कंटाळून तेराव्या-चौदाव्या वर्षी किट माळ्यावर टाकून मोकळी झाली, त्यांची भाषणं कुठे होत नाहीत.

मग चांगला कोच बोलतो तरी काय?

याचं उत्तर शोधायला दोन माणसं चक्क वही घेऊन ग्राउंडवर बसली होती. अमेरिकेत यूसीएलए विद्यापीठाचे बास्केटबॉल कोच होते जॉन वुडन. त्यांच्या टीमने दहा राष्ट्रीय विजेतेपदं जिंकली. १९७४-७५ च्या सीझनमध्ये रोनाल्ड गॅलिमोर आणि रोलंड थार्प या दोन मानसशास्त्रज्ञांनी त्यांच्या प्रॅक्टिसला बसून, ते जे जे बोलतात त्याची नोंद केली. एकूण २,३२६ नोंदी झाल्या.

निव्वळ कौतुक किती निघालं? साधारण ७ टक्के. निव्वळ नाराजी? तीही जवळपास तेवढीच. आणि सुमारे तीन चतुर्थांश बोलणं होतं नुसती माहिती: काय करायचं, कसं करायचं, कधी करायचं. वुडन यांची एक खास पद्धतही त्यात दिसली. चूक झाली की ते थांबवायचे, बरोबर कसं ते करून दाखवायचे, मग तू कसं केलंस ते दाखवायचे, आणि परत एकदा बरोबर कसं ते. काही सेकंदांत विषय संपला, खेळ परत सुरू.

म्हणजे 'कडक की गोड' हा प्रश्नच मुळात बाजूला राहतो. खरा प्रश्न असा की कोच बोलून झाल्यावर माझ्या हातात पुढच्या बॉलसाठी काही आलं का?

मी स्वतः शाळा-कॉलेजात खो-खो खेळायचे. मला दोन कोच मिळाले आणि दोघांचाही आवाज अख्ख्या मैदानाला ऐकू जायचा. एक ओरडायचे, "आधी पाठीला हात लागू दे, मग खो म्हण! घाई करू नकोस!" दुसरे ओरडायचे, "तुला अक्कल आहे का? तुझ्यामुळे मॅच गेली!" आवाज सारखाच. पण पहिल्या सरांचं वाक्य मी पुढच्या खो ला वापरू शकत होते. दुसऱ्या वाक्याचं काय करायचं? अक्कल कुठून आणायची? ते वाक्य मग माझ्यासोबत घरी यायचं, जेवताना बसायचं, रात्री गादीवर यायचं.

बोट कुणाकडे आहे?

माझ्या या अनुभवामागे बरंच मोठं संशोधन आहे हे मला नंतर कळलं. १९९६ मध्ये अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी फीडबॅकवर झालेले ढिगाने अभ्यास एकत्र करून तपासले. सरासरी काढली तर फीडबॅकमुळे कामगिरी सुधारते. पण त्याच वेळी असंही दिसलं की एक तृतीयांशाहून जास्त वेळा फीडबॅक दिल्यावर कामगिरी उलट खाली गेली! म्हणजे गप्प बसले असते तर बरं झालं असतं.

असं का होतं, याचं त्यांनी दिलेलं स्पष्टीकरण सोपं आहे. आपलं लक्ष एका वेळी थोड्याच ठिकाणी जाऊ शकतं. कोचचं बोलणं हातातल्या कामाकडे बोट दाखवत असेल, तर लक्ष कामावर जातं. 'तू' म्हणून जो कोणी आहे त्याच्याकडे बोट गेलं, की लक्ष कामावरून उडतं आणि स्वतःला वाचवण्यात खर्च होतं. मी वाईट आहे का, सगळे बघतायत का, सर मला काढतील का, हे डोक्यात चालू असताना समोरून येणारा बॉल नीट दिसणार कसा? खांदे आखडतात, पाय जड होतात आणि तीच चूक परत होते. मग कोच अजून ओरडतो. हे चक्र तुमच्यापैकी कित्येकांनी अनुभवलं असेल.

आता यात मनाच्या स्वास्थ्याचा संबंध कुठे येतो? एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या दोन मानसशास्त्रज्ञांनी माणसाच्या तीन मूलभूत गरजा सांगितल्या आहेत. एक, मला हे जमतंय असं वाटणं. दोन, माझ्या गोष्टीत माझं थोडं तरी चालतं असं वाटणं. तीन, मी इथला आहे, ही माझी माणसं आहेत असं वाटणं. या तिन्ही मिळत असतील तर माणूस आतून टिकतो. 'तुला काही येत नाही, मी सांगतो तेवढंच कर, नाहीतर चालता हो' असं एकच वाक्य घ्या. तिन्हीवर एकदम घाव. आणि सोळाव्या वर्षी आपली ओळख बऱ्यापैकी खेळावरच उभी असते, त्यामुळे 'वाईट खेळले' आणि 'मी वाईट आहे' यातलं अंतर फार कमी असतं. कोच नकळत ते पुसून टाकू शकतो.

२६ टक्के आणि ५ टक्के

बरं, कोचला बोलायला शिकवलं तर फरक पडतो का? हा प्रयोग खरंच झालाय. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मोल यांनी १९७० च्या दशकापासून लहान मुलांच्या बेसबॉल लीगमधल्या कोचेसवर काम केलं. सीझन सुरू होण्याआधी काही कोचेसना त्यांनी एक कार्यशाळा दिली. त्यात शिकवलेल्या गोष्टी अगदी साध्या होत्या: चांगला प्रयत्न दिसला की लगेच सांगा. चूक झाली की आधी धीर द्या, मग दुरुस्ती सांगा. चुकीबद्दल शिक्षा किंवा टोमणा नको.

१९९२ मध्ये त्यांचा नॅन्सी बार्नेट यांच्यासोबतचा अभ्यास आला. पुढच्या वर्षी किती मुलं परत खेळायला आली नाहीत, ते त्यांनी पाहिलं. ज्यांच्या कोचने कार्यशाळा केली नव्हती, तिथली २६ टक्के मुलं खेळ सोडून गेली होती. कार्यशाळा केलेल्या कोचेसकडची फक्त ५ टक्के. आणि हे हरण्या-जिंकण्यामुळे झालं म्हणावं, तर सोडून गेलेल्या आणि परत आलेल्या मुलांच्या टीम्सच्या विजयांच्या प्रमाणात फरक नव्हता. म्हणजे मुलं हरल्यामुळे गेली नाहीत. त्यांच्या अशाच अभ्यासांत अजून एक गोष्ट दिसली. ज्या मुलांना स्वतःबद्दल मुळात कमी विश्वास होता, त्यांना अशा कोचचा सगळ्यात जास्त फायदा झाला. जी मुलं टाकीच्या घावांनी सगळ्यात आधी तडकतात, तीच.

त्यांच्या आधीच्या कामातली एक गंमत सांगते. कोच मैदानावर कसा वागतो, हे बाहेरच्या माणसांनी बसून नोंदवलं. मग कोचला विचारलं आणि मुलांनाही विचारलं. प्रत्यक्ष नोंदींशी मुलांची उत्तरं जास्त जुळली. कोचला स्वतःच्या वागण्याचा फारसा पत्ताच नव्हता! त्यामुळे तुमचे सर 'मी कुठे ओरडतो?' म्हणाले, तर ते मुद्दाम खोटं बोलतायत असं समजू नका. त्यांना खरंच तसं वाटत असेल.

मग नुसतं कौतुक करत सुटायचं का?

तर तेही नाही. १९९८ मध्ये क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी पाचवीतल्या मुलांना कोडी सोडवायला दिली. झाल्यावर काहींना म्हटलं, तू हुशार आहेस. काहींना म्हटलं, तू मेहनत केलीस. मग सगळ्यांना मुद्दाम अवघड कोडी दिली, ज्यात ते अडखळले. आणि शेवटी परत पहिल्यासारखी सोपी. 'हुशार' म्हटलेल्या मुलांची कामगिरी या शेवटच्या फेरीत घसरली, मेहनतीचं कौतुक झालेल्यांची वाढली. कारण उघड आहे. 'हुशार' हा शिक्का आहे, आणि एकदा शिक्का मिळाला की तो पुसला जाण्याची भीती येते. मग अवघड गोष्टीला हात घालायला नको वाटतं.

आपल्याकडे 'नॅचरल टॅलेंट आहे पोरात' हे सर्रास म्हटलं जातं. ऐकायला गोड, पण बोट परत पोराकडेच. पहिला वाईट सीझन आला की तेच पोर विचार करतं, टॅलेंट संपलं वाटतं.

उगाच फुगवलेलं कौतुकही धोक्याचं आहे. नेदरलँड्समध्ये एडी ब्रुमेलमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं, की आत्मविश्वास कमी असलेल्या मुलांच्या साध्या चित्राला 'अफलातून सुंदर' म्हटलं, तर पुढच्या वेळी ती मुलं अवघड चित्र काढायचं टाळतात. आता दर वेळी अफलातूनच काढावं लागणार ना!

चूक दाखवावी कशी?

चूक दाखवणं तर कोचचं कामच आहे, ते टळत नाही. कॅनडातल्या जोएल कार्पेंटिए आणि जेनेव्हिएव्ह माजो यांनी २०१३ मध्ये नेमका हाच प्रश्न घेतला: बदल सुचवणारा फीडबॅक खेळाडूला कधी बळ देतो? त्यांना दिसलं की किती वेळा चूक दाखवली, यापेक्षा ती कशी दाखवली यावर खेळाडूची प्रेरणा आणि स्वतःबद्दलचं बरं वाटणं जास्त अवलंबून होतं. चांगल्या पद्धतीत काय काय असतं, ते मी आपल्या ग्राउंडच्या भाषेत सांगते.

• खेळाडूची बाजू समजून घेणं. "उन्हात तिसरा तास आहे, पाय भरून आलेत, कळतंय मला."

• कृतीबद्दल बोलणं. "तू आळशी आहेस" याऐवजी "ड्राइव्ह मारताना डोकं ऑफ साइडला पडतंय."

• काय करायचं तेही सांगणं. "बॉल डोळ्यांखाली येऊ दे, मग खेळ."

• पर्याय देणं. "स्टान्स थोडा उघडून बघतोस, की आधी पुढच्या पायावर काम करूया?"

• ध्येय आधीच माहीत असणं. आज आपण कशावर काम करतोय हे सकाळी ठरलं असेल, तर दुरुस्ती अंगावर येत नाही.

• आणि सूर. चारचौघांत पाणउतारा नाही.

यात कुठेही 'खूप छान, खूप छान' नाही. चूक स्पष्ट सांगितलीये. मऊपणा शब्दांत नाही, वागवण्यात आहे.

एक जोड माझ्याकडून. सतत बोलणंही बरं नव्हे. कॅरोली विन्स्टीन आणि रिचर्ड श्मिट यांनी १९९० मध्ये दाखवलं, की हालचाल शिकताना दर प्रयत्नानंतर निकाल सांगण्यापेक्षा साधारण निम्म्या वेळा सांगितला तर पुढे ती जास्त चांगली लक्षात राहते. कारण मधल्या वेळात आपण स्वतः अंदाज घ्यायला शिकतो. बाउंड्रीवरून प्रत्येक बॉलला कॉमेंट्री करणाऱ्या बाबांना हे जरूर ऐकवा.

हा फीडबॅक नव्हेच

इथे मला जरा गंभीर व्हायचंय. काही गोष्टी 'कडक कोचिंग' या नावाखाली खपवल्या जातात, पण त्या कोचिंग नसतात. ब्रिटनमध्ये जिम्नॅस्टिक्समधल्या तक्रारींची चौकशी झाली आणि जून २०२२ मध्ये ॲन व्हाइट यांचा अहवाल आला. चारशेहून जास्त लोकांनी आपलं म्हणणं मांडलं होतं. शारीरिक आणि भावनिक छळ, वजनावरून लाज आणणं, दुखापतीतही सराव करायला लावणं, हे सगळं त्यात होतं. आणि ती पदकं जिंकणारी, बाहेरून चकाचक व्यवस्था होती.

त्यामुळे मारणं, शरीरावरून किंवा जातीवरून बोलणं, दुखत असताना खेळायला लावणं, 'घरी सांगितलंस तर टीममधून काढीन' अशी धमकी देणं, नको तिथे हात लावणं, यातलं काहीही असेल तर ते सहन करणं म्हणजे जिद्द नव्हे. विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगा. अठरा वर्षांखालच्यांसाठी १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आहे. मन फारच खचलं असेल, झोप उडाली असेल, तर टेली मानसचा १४४१६ हा नंबर आहे, तिथे कोणत्याही वयाच्या माणसाला बोलता येतं.

आता आपण काय करायचं?

बहुतेक कोच वाईट नसतात. त्यांना जसं शिकवलं गेलं तसं ते शिकवतात. त्यामुळे खेळणाऱ्यांसाठी माझ्याकडे एक साधी युक्ती आहे. कोचचं वाक्य ऐकलं की त्याला चाळणी लावा: यात पुढच्या प्रयत्नासाठी काही आहे का? "किती हळू पळतेस गं, म्हैस नुसती!" यातली म्हैस चाळणीतच राहू द्या. 'हळू' तेवढं घ्या आणि प्रॅक्टिसनंतर, सर शांत असताना, जाऊन विचारा: "सर, स्टार्ट हळू होतोय की शेवटचे वीस मीटर? काय बदलू?" बऱ्याचदा त्याच सरांकडून एकदम कामाचं उत्तर मिळतं, कारण प्रश्नाने त्यांचंही बोट कामाकडे वळतं. सगळ्यांच्या बाबतीत हे चालेलच असं नाही, आणि ही जबाबदारी खरं तर तुमची नव्हेच. पण करून बघण्यासारखं आहे.

तुमच्यापैकी काही जण सोसायटीत, शाळेत किंवा क्लबमध्ये लहान मुलांना शिकवता. तुम्ही त्यांचे दादा-ताई आहात. तुमच्यासाठी एक काम. एका सेशनला फोन खिशात रेकॉर्डिंगवर ठेवा, आधी मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना सांगून. घरी जाऊन स्वतःचं बोलणं ऐका आणि तीन रकाने करा: खेळाबद्दल किती, पोराबद्दल किती, नुसता आवाज किती. वुडन यांच्यासाठी दोन मानसशास्त्रज्ञ बसले होते, आपल्यासाठी फोन आहे.

आणि घरचे ऐकत असतील, तर मॅचनंतर गाडीवरून परत येताना विश्लेषण नको. "भूक लागलीये का?" एवढं पुरे. मुलाला बोलायचं असेल तर ते स्वतःच सुरू करेल.

तुमच्या कोचचं असं कुठलं वाक्य आहे, जे आजही तुम्हाला खेळताना उपयोगी पडतं? व्हॉइस नोट पाठवा. नाव सांगायची गरज नाही, ना तुमचं, ना कोचचं. निवडक वाक्यं पुढच्या भागात ऐकवेन. आणि हा भाग एखाद्या कोचला पाठवावासा वाटला तर बिनधास्त पाठवा. फक्त सोबत टोमणा नको, 'सर, यावर बोलूया का?' एवढं लिहा.

भेटूया पुढच्या भागात. खेळत राहा!